डेझर्ट डँडेलायनचं बी : गोव्यात घ्यावं का आणि लावावं कसं

आधीच सांगून टाकते, बी चांगलं आहे, पण पाकिटातला माहितीचा कागद गोव्यासाठी काहीच कामाचा नाही, आणि त्या कागदावर भरवसा ठेवून पेरलंत तर बीच खराब निघालं असं वाटून तुम्ही उगाच विकणाऱ्याशी भांडाल. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो त्या कागदाचा.

प्रॉडक्ट म्हणजे डेझर्ट डँडेलायन या रानफुलाचं बी, शास्त्रीय नाव मॅलॅकोथ्रिक्स ग्लॅब्राटा. पाकीट छोटंसं, १८० रुपयाला पडलं, कुरियरचे वेगळे. आत चिमूटभर बी, पण ते कागदी पुडीत घालून मग झिपच्या प्लास्टिक पिशवीत आणि सोबत सिलिका जेलची एक छोटी पुडी. आपल्या हवेत याची किंमत कळते, कारण ऑक्टोबरमधे सुद्धा दमटपणा इतका असतो की नुसत्या कागदी पाकिटातलं बी आठवडाभर पोस्टात पडून राहिलं तर ओल धरतं. पाकिटावर शास्त्रीय नाव पूर्ण छापलेलं, लॉट नंबर, पॅकिंगचा महिना, आयात करणाऱ्याचं नाव, सगळं होतं. फुलझाडाचं बी घेताना मी सगळ्यात आधी हेच बघते, बाकी फोटोबिटो नंतर.

हे का सांगतेय तर याआधी दुसऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलं होतं, त्याच्याकडे फोटो या वाळवंटी फुलाचा, वर नाव नुसतं ‘यलो डँडेलायन’, आणि आत आलं ते साध्या डँडेलायनचं म्हणजे टॅरॅक्सॅकमचं बी. त्याला फोटो काढून पाठवले तर म्हणे मॅडम दोन्ही एकच. एकच नाहीत हो! एकाच मोठ्या कुळातली आहेत, सूर्यफुलाच्या, आणि त्यातल्या सुद्धा चीक असलेल्या एकाच गटातली, पण वंश वेगळा, स्वभाव वेगळा, आयुष्य वेगळं. साधं डँडेलायन वर्षानुवर्षं जगतं, खाली जाडजूड मूळ, पानं रुंद आणि करवतीसारखी कातरलेली, आणि प्रत्येक पोकळ दांड्यावर एकच फूल. हे वाळवंटातलं एका हंगामाचं पाहुणं आहे, उगवलं, फुललं, बी टाकलं, संपलं. दांडे वर जाऊन फुटतात त्यामुळे एका झाडाला बरीच फुलं येतात, आणि पानं बघाल तर अगदी बारीक दोऱ्यासारख्या फाट्यांची.

बी हातात आल्याबरोबर ओळखायचं असेल तर घरात भिंग असेल ते घ्या, किंवा मोबाईलचा मॅक्रो लावा. साध्या डँडेलायनच्या बीला वरच्या टोकाकडे बारीक काटे असतात आणि तिथून एक लांब चोच निघते, छत्री त्या चोचीच्या टोकाला. पाकिटात येईपर्यंत छत्री मोडलेली असते पण काटे आणि चोचीचा तुकडा दिसतोच. डेझर्ट डँडेलायनचं बी दोन-तीन मिलिमीटरचं, सरळ नळीसारखं, अंगावर उभ्या रेघा, काटे नाहीत, चोच नाही. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की पुन्हा चुकायचं नाही. बी उगवल्यावर तर प्रश्नच नाही, पहिली दोन पानं सोडली की पुढची पानं स्वतःच सांगतात कोण आहे ते.

आणि अजून एक, पाकिटावर नुसतं मॅलॅकोथ्रिक्स लिहिलं असेल तर पुढचं नाव विचारा. या वंशात वीसेक जाती आहेत. कॅलिफोर्निका नावाची एक अगदी जवळची आहे, तिच्या बुडाशी पानांवर लोकर असते, ग्लॅब्राटाची पानं गुळगुळीत. मला ग्लॅब्राटा हवी होती आणि तीच मिळाली.

आता हे झाड मुळात राहतं कुठे ते समजून घेतल्याशिवाय गोव्यात लावता येणार नाही, आणि नेमकं तेच त्या कागदात नाहीये. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातली वाळवंटं, मोहावी आणि सोनोरन, म्हणजे कॅलिफोर्निया, नेवाडा, ॲरिझोना, युटा, खाली मेक्सिकोतला बाहा कॅलिफोर्निया आणि सोनोरा, वर ओरेगन आणि आयडाहोपर्यंत सुद्धा. जाड वाळूच्या मोकळ्या जागा, मधे मधे क्रिओसोटची झुडपं. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली वाळवंटात फर्नेस क्रीकला वर्षाला पाऊस किती, तर ५०-६० मिलिमीटर. आपल्या गोव्यात वर्षाचा तीन हजारच्या आसपास जातो, जुलैतल्या एखाद्या दिवशी त्यांच्या अख्ख्या वर्षाचा पाऊस सकाळपासून दुपारपर्यंत पडून मोकळा होतो. हा फरक डोक्यात ठेवा म्हणजे पुढचं सगळं पटेल.

तिथे हे बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. पावसाची नुसती भुरभुर झाली तर उगवत नाही. शरदात किंवा हिवाळ्याच्या सुरुवातीला एक चांगला, मुरणारा पाऊस पडला, साधारण इंचभर, आणि हवा गार असली, की मगच कोंब फुटतो. फ्रिट्स वेंट नावाच्या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात तिथल्या वाळवंटी मातीवर प्रयोग करून दाखवलं होतं की त्याच मातीत गार हवेत पाणी पडलं तर हिवाळी फुलझाडं उगवतात आणि उष्ण हवेत पडलं तर उन्हाळी, म्हणजे नुसत्या पाण्याने भागत नाही, पाणी आणि गारवा एकत्र लागतो. मग हिवाळाभर झाड जमिनीला चिकटून चक्राकार पानं धरून बसतं, खाली मूळ उतरवतं, आणि मार्च ते मे-जूनमधे फुलतं. चांगल्या पावसाच्या वर्षी मैलच्या मैल पिवळी होतात, सुपरब्लूम म्हणतात तो प्रकार. डेथ व्हॅलीतला २००५ चा आणि २०१६ चा गाजलेला, कॅलिफोर्नियातल्याच अँझा-बोरेगो वाळवंटात २०१७ आणि २०१९ ला. त्या गर्दीत हे फूल एकटं नसतं, बरीच इतर जातीची असतात, पण फिकट लिंबू रंगामुळे हे ओळखू येतं. तिथलं डेझर्ट टॉर्टॉइज, म्हणजे वाळवंटी कासव, वसंतात ही झाडं आवडीने खातं. कासवाचं हे वाचलं आणि तेव्हापासून माझा या झाडावर जीव जडला.

तर मुद्दा असा की या झाडाला वाळवंटातला उन्हाळा नको असतो, त्याला वाळवंटातला हिवाळा हवा असतो. उन्हाळ्यात ते जिवंतच नसतं, बीच्या रूपात झोपलेलं असतं. लोकांना वाटतं वाळवंटी झाड म्हणजे एप्रिलच्या उन्हात मजेत राहील. नाही राहत.

आणि कागदावर काय लिहिलंय? ‘मार्च-एप्रिलमधे पेरा, कोकोपीट आणि कंपोस्ट समप्रमाणात घ्या, माती कायम ओलसर ठेवा.’ हे थंड देशातल्या बागेसाठी लिहिलेलं आहे आणि कोणीतरी जसंच्या तसं छापलंय. गोव्यात मार्च-एप्रिलमधे दुपारी ३३-३४ डिग्री, वर दमट, रात्री सुद्धा पंखा लावल्याशिवाय झोप नाही, त्यात गार हवेची वाट बघणारं बी कशाला उगवेल. मी खात्री करून घ्यावी म्हणून एक कुंडी कागदाप्रमाणे केली, कोकोपीट-कंपोस्टची, आणि शेजारी एक माझ्या हिशेबाने. मुद्दाम दोन्ही नोव्हेंबरमधेच पेरल्या म्हणजे तुलना फक्त मातीची व्हावी. कागदाच्या कुंडीत रोपं आली, आधी आली खरं तर, हिरवीगार, आणि मग मातीलगत देठ काळा पडून एकेक आडवं व्हायला लागलं. मर रोग. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, आपल्या हवेत ते वरून सुकल्यासारखं दिसतं आणि आत ओलं गच्च असतं. माझ्या मिश्रणाच्या कुंडीत रोपं उशिरा आली, बारीक आली, पण टिकली.

मिश्रण सांगते. तीन भाग जाड रेती, नदीची धुतलेली मिळाली तर उत्तम, नाहीतर बांधकामाला वापरतात ती क्रशर सँड पाण्यात दोन-तीनदा खळबळून वरची भुकटी काढून टाकायची. एक भाग चिऱ्याचा बारीक चुरा, आमच्या फोंड्यात कुठेही चिरे कापायचं काम चालू असतं तिथे मिळतो. अर्धा भाग साधी बागेची माती. बस. शेणखत नाही, कंपोस्ट नाही, गांडूळखत नाही, काजूच्या बागेतला पालापाचोळा नाही. जास्त खाऊ घातलं तर पानं वाढतात, झाड मऊ पडतं आणि मग मावा बसतो. चिमूटभर चुना मिसळला मी, कारण आपला जांभा आंबट, आणि वाळवंटातली माती बहुतेक क्षाराकडे झुकणारी. विड्याला लावतात तो ओला चुना नको, बागेसाठी डोलोमाइटची पावडर मिळते ती. चिमूटभर म्हणजे खरंच चिमूटभर.

समुद्रकिनाऱ्यावरची रेव आणू नका. एक तर मीठ असतं, दुसरं म्हणजे किनाऱ्यावरून आणि वाळूच्या टेकड्यांवरून अशी रेव उचलायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी.

कुंडी मातीचीच घ्या, प्लास्टिकची नको, आणि उथळ परळ पण नको, कारण मूळ सरळ खाली जातं. आठ-दहा इंच खोली पाहिजे. खालच्या भोकावर खापराचा तुकडा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मातीच्या कुंड्या बघून घेता येतात, वाजवून घ्या, बद्द आवाज आला तर भेगाळलेली असते.

पेरायचं कधी, तर तुळशीचं लग्न झालं की. त्या सुमाराला परतीचा पाऊस गेलेला असतो, पहाटे जरा गारवा लागायला लागतो. किनाऱ्यापेक्षा आत फोंडा, सांगे, सत्तरीकडे पहाट जास्त गार असते, त्यामुळे आतल्या लोकांना हे झाड जास्त सोपं जाईल असं माझं मत आहे. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी डिसेंबर उजाडेपर्यंत थांबलं तरी चालेल, पण त्यापुढे ढकलू नका, नाहीतर फुलं यायच्या वेळेला उन्हाळा मानगुटीवर बसतो.

पेरताना आधी कुंडी भरून एकदा भरपूर पाणी घाला, अगदी खालून वाहेपर्यंत, तिथला तो इंचभर मुरणारा पाऊस समजा. मग पाणी पूर्ण निथळू द्या. बी वर पसरा, बोटांनी हलकं दाबा आणि त्यावर रेतीची अगदी पातळ चाळण, बी जेमतेम झाकेल इतकीच. खोल गाडायचं नाही. ट्रेमधे रोपं करून मग हलवायची पद्धत इथे चालत नाही, लांब मूळ दुखावलं की झाड बसतं, म्हणून जिथे फुलायचं तिथेच पेरा आणि नंतर दाट रोपं कात्रीने कापून विरळ करा, उपटू नका, उपटलं की शेजारच्याचं मूळ हलतं. एका दहा इंची कुंडीत चार-पाच झाडं खूप झाली.

उगवेपर्यंत सकाळी फवाऱ्याने वरची रेती भिजवायची. माझ्याकडे आठवडा-दोन आठवड्यांच्या मधे कोंब दिसायला लागले, सगळे एकदम नाहीत, काही बरेच उशिरा. वाळवंटी बीचा हा स्वभावच आहे, सगळं बी एका पावसाच्या भरवशावर उगवत नाही, काही मागे राहतं, त्यामुळे रिकामी जागा दिसली म्हणून लगेच पुन्हा पेरू नका. चार खरी पानं आली की वरून पाणी बंद. कुंडी थाळीत ठेवून खालून पाणी पाजा, अर्ध्या तासाने थाळी रिकामी करा, आणि मग बोट घालून आतपर्यंत सुकं लागेपर्यंत पुन्हा द्यायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दंव इतकं पडतं आमच्याकडे की गच्चीच्या कठड्यावरून पाणी ओघळतं, त्या दिवसात झाडाला तहान कमीच असते.

ऊन मात्र पूर्ण हवं. अर्धवट उन्हाच्या बाल्कनीत लावायचा विचार असेल तर पैसे वाचवा. सकाळपासून दुपारी तीनपर्यंत तरी थेट ऊन आणि खेळती हवा. माडाच्या सावलीत ठेवलेलं झाड उंच सडपातळ होऊन लोळलं.

फुलांबद्दल आता. फेब्रुवारीत कळ्या आल्या माझ्याकडे. उघडतं ते फूल तीन-चार सेंटिमीटरचं, आणि फोटोत जे दिसत नाही ते जवळून दिसतं. पाकळ्यांचे थरावर थर, मधले गडद लिंबू रंगाचे, बाहेरचे टोकाकडे फिकट होत होत जवळजवळ पांढरे. प्रत्येक पाकळीचं टोक सरळ कापल्यासारखं आणि त्याला पाच बारीक दाते. आपण पाकळी म्हणतो ती प्रत्येक म्हणजे एक स्वतंत्र फूल असतं या गटात, आणि ते पाच दाते म्हणजे पाच पाकळ्या जुळल्याची खूण. फूल नुकतं उमलत असताना अगदी मधोमध एक लालसर नारिंगी ठिपका असतो, कुंकवाच्या टिकलीएवढा, जसजशा आतल्या पाकळ्या उघडतात तसतसा तो नाहीसा होतो. सगळ्या फुलांना येत नाही, पण येतो त्यांच्यावरून नजर हटत नाही. दांडा मोडला तर पांढरा चीक येतो, हाताला चिकट लागतो.

उशिरा उठणारं फूल आहे. ऊन चढल्यावर उघडतं आणि संध्याकाळी मिटतं, ढगाळ दिवशी तर नीट उघडतच नाही. म्हणजे ऑफिसला जाणाऱ्या माणसाला रविवारीच दिसेल, हे घेताना लक्षात ठेवा, कारण सकाळी साडेआठला निघून संध्याकाळी सातला घरी येणाऱ्याला मिटलेल्या कळ्याच दिसणार. वाळवंटात झाड गुडघ्याच्या खालीच असतं, दहा ते चाळीस सेंटिमीटर, माझ्याकडे कुंडीत वीतभर-दीड वीत झालं. गुच्छ करून फुलदाणीत ठेवायला नाही हे.

मुलांसाठी फुंकर मारायचा गोल गेंद हवा म्हणून कोणी घेत असेल तर घेऊ नका. तो साध्या डँडेलायनचा. याच्या बीला चोच नाही, केसांचा झुबका थेट बीच्या डोक्यावर बसतो आणि पटकन गळून पडतो, त्यामुळे तसा सुबक गोळा होत नाही. आणि डँडेलायनचा चहा, मुळांची कॉफी, लिव्हरचं औषध वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते सगळं टॅरॅक्सॅकमबद्दल आहे. याचं पान सुद्धा तोंडात घालू नका.

शेजारच्या काकी मूळच्या मोरजीच्या, त्यांनी फूल बघितलं आणि लगेच म्हणाल्या, “अगो, असलीच फुलां आमच्याकडे रेवेत असतात गो, दर्याच्या देगेर!” आणि त्या अगदी बरोबर होत्या. आपल्या किनाऱ्यावर लॉनिया सार्मेंटोसा नावाची वेल आहे, याच चीकवाल्या गटातली, पाथरीची सख्खी बहीण. मर्यादवेलीच्या आणि रावणाच्या मिशांच्या मधून रेवेवर सरपटत जाते, दर थोड्या अंतराने मूळ धरते आणि तिथे पानांचं एक छोटं चक्र, मधोमध पिवळं फूल. वरवर बघितलं तर डँडेलायनच. पण ती बारमाही, खारा वारा सोसणारी, पाऊस सोसणारी. आणि एक काम करते, रेव धरून ठेवते, टेकड्या वाहून जाऊ देत नाही. मोरजी, आगोंद, गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात ती याच रेवेत. तिकडे कासव आपलं डँडेलायन खातं, इकडे कासव आपल्या डँडेलायनच्या शेजारी अंडी घालतं, मला हे इतकं आवडलं की काकींना घेऊन मी किनाऱ्यावर गेले नुसतं बघायला. बघायलाच जा. उपटून आणू नका.

आणि त्याच्या उलटं सुद्धा करू नका. वाळवंटी फूल आहे, वाळूत छान वाढेल, म्हणून हे विकतचं बी कोणी मांद्रे-मोरजीच्या टेकड्यांवर टाकायला जाऊ नका. आपल्या पावसाळ्यात ते टिकणार नाही असंच मला वाटतं, पण बाहेरचं बी रानात सोडायचं नाही हा नियम टिकतं की नाही यावर अवलंबून नसतो. घाणेरीने आणि रानमोडीने आपल्या डोंगरांचं काय केलंय ते सत्तरीत जाऊन बघा. कुंडीत लावा, फुलं झाली की बी गोळा करा, उरलेली माती कडक उन्हात तापवून मग वापरा.

दुकानाच्या सर्व्हिसबद्दल. ऑर्डर केल्यावर मी फोन करून विचारलं की हे बी आयात कसं केलं, तर चिडचिड न करता परमिटचा नंबर बिलावर दाखवला. हा प्रश्न सगळ्यांनी विचारावा. बाहेरच्या देशातून पेरायचं बी आणायला आपल्याकडे २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे इम्पोर्ट परमिट लागतं आणि त्या देशाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे बी रोग-किडीमुक्त असल्याचा दाखला, लागतं, कारण बीबरोबर रोग, किडी आणि तणाचं बी येतं. अमेरिकेतल्या भाच्याला सांगून बॅगेतून आणायचं किंवा परदेशी साईटवरून पोस्टाने मागवायचं, स्वस्त पडलं तरी करू नका. दुसरी गोष्ट, मी त्यांना कागदातली चूक लिहून पाठवली, कोकणपट्टीसाठी वेगळा कागद करा म्हणून. उत्तर आलं की पुढच्या छपाईत बघतो. बघतील तेव्हा तो एक स्टार परत देईन, मनापासून देईन.

त्रास कसला झाला तर गोगलगाईंचा नाही, त्या हिवाळ्यात कमीच असतात, पण कळ्यांवर काळा मावा आला. कडुनिंबाचं तेल वगैरे काही मारलं नाही, सकाळी ओल्या कापसाने पुसून काढला, झाडं मोजकी असतात तेव्हा हेच बरं. मार्चच्या शेवटाला पानं बुडापासून पिवळी पडायला लागतात. तेव्हा पाणी आणि खत देऊन वाचवायची धडपड करू नका, झाडाचं आयुष्य तेवढंच आहे, ते रोगाने जात नाहीये.

घ्यावं का? मोकळी गच्ची असेल, पूर्ण ऊन असेल आणि कमी पाणी घालायची सवय असेल तर जरूर घ्या, हिवाळ्यात गोव्यात झेंडू, शेवंती सगळेच लावतात, त्यात दोन-अडीच महिने हे असं काहीतरी बघायला मिळणं १८० रुपयाला महाग नाही. कायमस्वरूपी फुलझाड हवं असेल, किंवा पोर्चच्या सावलीत ठेवायचं असेल, तर नका घेऊ.

बी धरायचं असेल तर फूल मिटून पुन्हा पांढरा झुबका दिसायला लागला की दव सुकल्यावर, वारा सुटायच्या आत काढा, नाहीतर झुबके झडून बी कुंडीभर पांगतं. सावलीत आठवडाभर सुकवा, कागदी पुडी, त्यावर तारीख आणि पूर्ण नाव, पुडी काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलसकट, आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, फ्रीजरमधे नाही. जूनच्या आत हे झालं पाहिजे. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदला, आणि पावसाळाभर ती बरणी उघडू नका, तुळशीचं लग्न होईपर्यंत.